बेसच्या पोटातली बॅटरी

यामाहाने २०१७ मध्ये आपली बेस गिटारची बीबी मालिका नव्याने बाजारात आणली, तेव्हा किमतींच्या उतरंडीत एक गंमत होती. तळाचा बीबी२३४ पॅसिव्ह, म्हणजे आत बॅटरी नसलेला. त्याच्यावरचा बीबी४३४ही पॅसिव्ह. मग बीबी७३४ए, ज्यात बॅटरी, थ्री-बँड ईक्यू (खालचा, मधला म्हणजे मिड आणि वरचा म्हणजे ट्रेबल असे आवाज वेगवेगळे कमी-जास्त करणारं सर्किट) आणि ॲक्टिव्ह (बॅटरीवरचा) की पॅसिव्ह हे ठरवणारा स्विच. आणि सगळ्यात वरचा, जपानमध्ये बनणारा, सगळ्यात महागडा बीबीपी३४ पुन्हा पॅसिव्ह. दोन वॉल्यूम, एक टोन, संपलं.

बाकीच्या बाजारात सहसा हे उलटं दिसतं. पहिला बेस घेणाऱ्याला पॅसिव्ह, थोडे पैसे जास्त टाकले की प्रीअँप (बेसच्या आतलं, बॅटरीवर चालणारं सर्किट), आणखी टाकले की १८ व्होल्ट, मिडचा वेगळा नॉब, त्या मिडची फ्रीक्वेन्सी फिरवणारा आणखी एक नॉब. नॉब मोजून वाद्याची पायरी ठरवायची सवय ग्राहकाला कॅटलॉगनेच लावली. त्यामुळे ज्याला चांगलं लाकूड, नीट बसवलेली नेक (तारा ज्यावर दाबतात तो दांडा), त्यावरच्या धातूच्या पट्ट्या म्हणजे गुळगुळीत घासलेले फ्रेट आणि साधं वायरिंग एवढंच हवंय, त्याची अनेक मालिकांमध्ये पंचाईत होते. चांगली नेक हवी तर सोबत बॅटरी घ्यावीच लागते.

बेस बनवणाऱ्याने प्रत्येक चांगल्या मॉडेलचा पॅसिव्ह अवतार ठेवावा, आणि कस्टम पर्यायांची यादी मागाहून बदलता न येणाऱ्या गोष्टींसाठी राखावी, असं मला ठामपणे वाटतं. हे दोन वेगळे मुद्दे दिसतात, पण मूळ एकच आहे. वायर नंतर बदलता येते, लाकूड नाही.

पॅसिव्ह म्हणजे काहीतरी अपुरं, असा समज असतो, म्हणून आधी आत काय असतं ते बघू. फेंडरचा प्रिसिजन बेस १९५१ साली आला. १९५७ मध्ये त्याचा पिकअप (तारेचं कंपन विजेत बदलणारं चुंबकी कॉइल) दोन तुकड्यांत विभागला गेला, प्रत्येक तुकडा दोन-दोन तारांखाली. ही दोन कॉइल एकमेकांच्या उलट जोडलेली असतात आणि त्यांचे चुंबकही उलटे, त्यामुळे आसपासच्या विजेची घरघर आपसात मिटते आणि तारेचा आवाज तेवढा शिल्लक राहतो. पुढे २५० किलोओहमचा वॉल्यूम पॉट (नॉबखालचा, फिरवून बदलता येणारा रेझिस्टर), तेवढाच टोन पॉट, ०.०४७ मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर आणि मोनो जॅक. सगळं सामान मुठीत मावतं.

यात डोळ्यांना न दिसणारा आणखी एक भाग असतो, तो म्हणजे केबल. पिकअप हे हजारो वेढ्यांचं कॉइल, त्याला इंडक्टन्स असतो. समजा ५ हेन्री. केबलला कपॅसिटन्स असतो, साधारण मीटरला १०० पिकोफॅरड. दोन्ही मिळून रेझोनन्स तयार होतो. एका ठरावीक फ्रीक्वेन्सीपाशी आवाज उचलला जातो आणि त्याच्या वर झपाट्याने उतरतो. ३ मीटरची केबल आणि पिकअपचा स्वतःचा थोडा कपॅसिटन्स धरून ४०० पिकोफॅरड झाले, तर हा उंचवटा साडेतीन हजार हर्ट्झच्या आसपास बसतो. केबल ६ मीटरची घेतली की तोच २,७०० पर्यंत खाली येतो. एकाही नॉबला हात न लावता आवाज बदलला. हे ठाऊक नसलेला माणूस मोठ्या स्टेजसाठी लांब केबल घेतो, आवाज बसला म्हणून पिकअपला दोष देतो आणि नव्या पिकअपच्या किमती बघायला लागतो.

टोन नॉब बंद केल्यावर हाच हिशोब मोठ्या कपॅसिटरसह चालतो. ०.०४७ असेल तर उंचवटा ३३० हर्ट्झच्या आसपास ओढला जातो. ०.०२२ लावला तर ४८० पाशी थांबतो, ०.१ लावला तर २२५ पर्यंत उतरतो. म्हणजे टोन बंद केल्याने नुसता ट्रेबल कापला जात नाही, खालच्या मिडमध्ये एक जागा किंचित फुगते. ॲक्टिव्ह ईक्यूचा ट्रेबल नॉब पूर्ण खाली आणून हा आवाज मिळत नाही, कारण तो नॉब फक्त वरचा भाग दाबतो, पिकअपच्या रेझोनन्सला हात लावत नाही. ज्यांना प्रीअँप असूनही 'तो जुना आवाज' सापडत नाही, त्यांची अडचण बहुतेक वेळा इथे असते.

कपॅसिटरबद्दल एक गोष्ट सांगून टाकतो. तेलात बुडवलेल्या कागदाचे, पन्नासच्या दशकातल्या रंगाचे महागडे कपॅसिटर विकले जातात. बेसमधला सिग्नल जेमतेम व्होल्टभराचा, त्यामुळे ५० व्होल्टचा साधा हिरवा पॉलिएस्टर कपॅसिटर पुरतो. त्यावर ४७३ छापलेलं असेल तर तो ०.०४७, २२३ असेल तर ०.०२२, १०४ असेल तर ०.१. जुन्या कपॅसिटरचं मूल्य छापलेल्या आकड्यापेक्षा वीस टक्के इकडेतिकडे असू शकतं आणि ऐकू येणारा फरक त्या वीस टक्क्यांचा असतो.

१९६० मध्ये आलेल्या फेंडरच्याच जॅझ बेसने दोन पिकअप दिले आणि वायरिंगमध्ये एक खुबी आणली. नेहमीच्या वॉल्यूममध्ये पिकअपची गरम (सिग्नलची) वायर पॉटच्या कडेच्या पायाला आणि आउटपुट मधल्या पायाला असतं. दोन पॉट तसे जोडले तर एक बंद करताच दोन्ही पिकअप मुके होतात. म्हणून जॅझमध्ये उलट करतात, पिकअप मधल्या पायाला, आउटपुट कडेच्या पायाला. दोन्ही वॉल्यूम पूर्ण उघडे असताना दोन पिकअप पॅरलल होतात, इंडक्टन्स निम्म्यावर येतो, आवाज मोकळा होतो आणि घरघर मिटते. एकच पिकअप उघडा ठेवला की ५० हर्ट्झची गुणगुण परत येते. बेसवादक जॅको पास्टोरियसचा बोलका फ्रेटलेस (फ्रेट नसलेल्या बेसचा) आवाज १९६२ च्या जॅझच्या मागच्या पिकअपमधून आला, डेट्रॉइटच्या मोटाउन स्टुडिओत जेम्स जेमरसनने १९६२ चा प्रिसिजन आणि जाड फ्लॅटवाउंड (चपटी पट्टी गुंडाळलेल्या, गुळगुळीत) तारा वापरल्या. दोन्हीकडे बॅटरी नव्हती.

मग बॅटरी आली कशाला? उगाच नाही आली. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियात अलेम्बिक या वाद्यकंपनीच्या मंडळींनी जॅक कॅसडी आणि फिल लेश या बेसवादकांच्या बेसमध्ये ॲक्टिव्ह इलेक्ट्रॉनिक्स घातलं, तेव्हा त्यांना मोठ्या स्टेजवर, लांब केबलवर, स्वच्छ आणि तारेच्या टोकापर्यंतचा आवाज हवा होता. १९७६ मध्ये म्युझिक मॅनचा स्टिंगरे आला, कारखान्यातून भरपूर संख्येने निघणारा पहिला ठळक ॲक्टिव्ह बेस. त्याचा टू-बँड प्रीअँप आणि तो मोठा पिकअप ही जोडगोळी आहे. त्यातून प्रीअँप काढला तर उरतो तो वेगळाच बेस, स्टिंगरे नव्हे. बेसवादक मार्कस मिलरच्या १९७७ च्या जॅझमध्ये वाद्य-कारागीर रॉजर सॅडोस्कीने प्रीअँप बसवला आणि स्लॅपचा (अंगठ्याने तारेवर फटका मारून वाजवण्याचा) एक अख्खा आवाज त्यातून घडला. तेव्हा बॅटरीला विरोध करण्यासारखं काही नाही. ती सक्तीची का, एवढाच प्रश्न.

आपल्याकडच्या स्टेजवर तर ॲक्टिव्हची बाजू चांगलीच भक्कम आहे. लग्नाच्या रिसेप्शनला, गणपतीतल्या ऑर्केस्ट्राला, गोव्यातल्या फेस्ताच्या नाचाला बेससाठी वेगळा अँप मिळेलच असं नाही. साउंडवाला केबल हातात घेतो आणि सरळ मिक्सरच्या लाइन इनपुटला लावतो. त्या इनपुटचा इंपिडन्स (सिग्नलला होणारा रोध) साधारण १० किलोओहम. प्रिसिजनच्या पिकअपचा रेझिस्टन्सही १० ते १२ किलोओहम. निम्मा सिग्नल तिथेच गेला. शिवाय पिकअपचा इंडक्टन्स आणि मिक्सरचा लोड मिळून साडेसहाशे हर्ट्झपासूनच वरचा भाग उतरू लागतो. आवाज गोधडीखालून आल्यासारखा होतो आणि दोष बेसला मिळतो. पॅसिव्ह ट्रान्सफॉर्मर असलेल्या डीआय बॉक्सचा (वाद्य मिक्सरला जोडायच्या डब्याचा) इनपुट १४० किलोओहमच्या आसपास असतो, त्यातही थोडी चमक जाते. पॅसिव्ह बेसला समोर १ मेगाओहम हवा. तो अँपच्या इनपुटला असतो, ॲक्टिव्ह डीआयला असतो, कुठल्याही बऱ्या बफर पेडलला असतो. पॅसिव्ह बेस घेऊन बाहेर वाजवायला जाणाऱ्याने असा एक डबा पिशवीत ठेवावाच. पण हा डबा पिशवीत आहे, लाकडात नाही, आणि तो उद्या बदलता येतो.

बेसमधल्या बॅटरीचं दुखणं म्हणजे ती नेहमी मध्येच संपते. ९ व्होल्टच्या अल्कलाइन बॅटरीची क्षमता साधारण ५०० ते ५५० मिलीॲम्पिअर-तास. प्रीअँप १ मिलीॲम्पिअर घेत असेल तर पाचशे तास, म्हणजे रोज दोन तास वाजवणाऱ्याला आठ महिने. कागदावर छान. प्रत्यक्षात जॅक स्टिरिओ असतो, बॅटरीचं मायनस त्याच्या मधल्या पट्टीला जोडलेलं असतं आणि मोनो प्लग आत गेला की ते अर्थला टेकून सर्किट चालू होतं. केबल लावून बेस रात्रभर स्टँडवर ठेवला की प्रीअँपही रात्रभर जागा. कोणी चुकून स्टिरिओ प्लगची केबल दिली तर ते मायनस टेकतच नाही आणि बेस गप्प बसतो. साउंडचेकला हे घडलं की बेस उघडायला घेऊ नये, आधी केबलचा प्लग बघावा, त्यावर दोन काळ्या रेघा दिसल्या तर चोर सापडला.

बॅटरी एकदम मरत नाही. आधी जोरात मारलेले सूर फाटतात, हलके सूर स्वच्छ येतात. नवी अल्कलाइन मल्टिमीटरवर साडेनऊच्या आसपास दाखवते. मोठ्या कार्यक्रमाआधी ८ च्या खाली आलेली बॅटरी बदलून टाकावी. ९ व्होल्टवर ईक्यूचा खालचा आवाज वाढवून स्लॅप केलं की सिग्नल छताला टेकतो, म्हणून १८ व्होल्ट आले. दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये, ६ डेसिबल जास्त जागा. २०१८ मध्ये स्टिंगरे स्पेशल १८ व्होल्टचा झाला तो यासाठीच. त्याच सुमारास त्याच कंपनीने कॅप्रिस आणि कटलस हे पॅसिव्ह बेसही काढले. ज्यांनी ॲक्टिव्हला बाजारात उभं केलं त्यांनाच ग्राहकाला दोन्ही दारं उघडी हवीत हे पटलं.

मुंबई, कोकण, गोवा इथे पावसाळ्याचे चार महिने आणखी एक भानगड होते. साधी झिंक-कार्बन बॅटरी दमट हवेत पडून राहिली की पाझरते. क्लिपच्या स्प्रिंगवर हिरवट-पांढरं चढतं, वायरीच्या आतूनही ते वर सरकतं आणि क्लिप स्वच्छ करूनही संपर्क तुटक राहतो. अशी क्लिप घासत बसू नये, कापून नवी लावावी, दहा-वीस रुपयांची वस्तू असते. बेस महिनाभर पेटीत राहणार असेल तर बॅटरी बाहेर. पॅसिव्ह बेसलाही दमट हवा सोडत नाही, पॉट खरखरतात, जॅक गंजतो. पण तिथे कॉन्टॅक्ट क्लीनरचे दोन फवारे आणि नॉब वीसदा फिरवणं एवढ्यावर भागतं.

"यात पॅसिव्ह मोड आहे ना," असं दुकानात सांगितलं जातं. हे वाक्य तपासून घ्यावं. बॅटरी काढा, स्विच पॅसिव्हवर टाका आणि वाजवा. काहीच आवाज आला नाही, तर तो स्विच ईक्यू बाजूला करतो एवढंच, बॅटरी लागतेच. ईएमजी कंपनीच्या ॲक्टिव्ह पिकअपसारख्या पिकअपमध्ये प्रीअँप पिकअपच्या आतच असतो, तिथे पॅसिव्ह मोड शक्यच नाही. आवाज आला पण मलूल आला, तर वॉल्यूम पॉट २५ किलोओहमचा असण्याची शक्यता. प्रीअँपच्या पुढे तो ठीक असतो, पण प्रीअँप बाजूला होताच तोच पॉट थेट पिकअपवर लोड टाकतो. २५० किंवा ५०० किलोओहमचे वॉल्यूम आणि ब्लेंड (दोन पिकअपचं मिश्रण ठरवणारा नॉब) प्रीअँपच्या आधी असतील तरच पॅसिव्ह मोडला अर्थ आहे. आणि तिसरी तपासणी, पॅसिव्हमध्ये टोन नॉब चालतो का? बऱ्याच बेसमध्ये चालत नाही, कारण तो नसतोच. बॅटरी गेली की मग एकच आवाज, सगळं उघडं, आणि वॉल्यूम. त्याला मी पॅसिव्ह म्हणणार नाही, स्टेपनी म्हणेन.

हे नीट करता येतं याचा पुरावा जुना आहे. लिओ फेंडरने आपल्या नंतरच्या जी अँड एल कंपनीत १९८० साली एल-२००० काढला. त्यात ट्रेबल आणि बेस (म्हणजे खालचा आवाज) दोन्ही नॉब पॅसिव्ह, फक्त कापणारे. स्विचने प्रीअँप बंद, चालू, किंवा चालू अधिक ट्रेबल बूस्ट. दुसऱ्या स्विचने पिकअप सिरीज किंवा पॅरलल. बॅटरी मेली तर प्रीअँप बंद करा, दोन्ही नॉब तसेच चालतात. त्यातला बेस कापणारा भाग तर फारच कमी लोकांनी उचलला, वास्तविक तो स्वस्त आहे. २.२ नॅनोफॅरडचा कपॅसिटर सिग्नलच्या वाटेत आणि त्याला समांतर १ मेगाओहमचा उलट्या टेपरचा पॉट. छोट्या हॉलमध्ये खालचा भाग घुमायला लागला की हा नॉब थोडा मागे घ्यायचा. रिकनबॅकर ४००१ मध्ये मागच्या पिकअपच्या वाटेत ०.००४७ चा कपॅसिटर होता, त्या बेसच्या धातूसारख्या कडक आवाजात त्याचा वाटा मोठा. नंतरच्या ४००३ मध्ये तो ओढायच्या नॉबवर पर्याय म्हणून दिला. सिरीज-पॅरलल स्विचही असाच. ४ हेन्रीचे दोन पिकअप पॅरलल असताना २ हेन्री, सिरीजमध्ये ८ हेन्री. चौपट इंडक्टन्स म्हणजे रेझोनन्स निम्म्यावर आणि आवाज दणकट. एका पुश-पुल पॉटमध्ये दुसरा बेस मिळाला. बॅटरीशिवाय करण्यासारखं इतकं असताना पॅसिव्हला 'बेसिक' म्हणणाऱ्या कॅटलॉगचा राग येतो.

आता कस्टमचं. कंपनीच्या बाजूने बघितलं तर भीती खरी आहे. नेकच्या दोन रुंदी, दोन पिकअप जागा, तीन लाकडं आणि चार रंग दिले की अठ्ठेचाळीस वेगवेगळे बेस होतात. त्यात ॲक्टिव्ह-पॅसिव्ह धरला की शहाण्णव. यातले कुठले दहा गोदामात ठेवायचे? आणि विचित्र मागणीचा बेस ग्राहकाने परत केला तर तो दुसऱ्याला खपत नाही. म्हणून कंपन्या पर्याय रंगात देतात, वरच्या शोभेच्या लाकडात देतात, हार्डवेअर सोनेरी की काळं यात देतात. फोटोत दिसतं ते विकलं जातं.

पण हाताला जाणवतं ते वेगळंच. जॅझची नेक नटपाशी (डोक्याकडच्या टोकाला) ३८ मिलिमीटर, प्रिसिजनची ४१ ते ४४. हा फरक घरी भरून काढता येत नाही. फेंडर पूर्वी नेकच्या टोकावर ए, बी, सी असे शिक्के मारत असे, ए दीड इंच, बी एक पूर्णांक पाच अष्टमांश, सी पावणेदोन. एकाच बेससाठी तीन रुंदी, आणि बाकी काही बदलायचं नाही. कस्टमचा इतका समंजस नमुना मला दुसरा माहीत नाही. पाच तारांच्या बेसमध्ये ब्रिजपाशी (जिथे तारांचं खालचं टोक अडकवतात) दोन तारांमधलं अंतर १६.५ मिलिमीटर की १९, यावर उजव्या हाताची सगळी सवय अवलंबून असते. जॅझचा मागचा पिकअप साठच्या दशकातल्या जागी की सत्तरच्या, हा जेमतेम १० मिलिमीटरचा फरक आहे, पण सत्तरचा ब्रिजकडे सरकलेला असल्याने आवाज जास्त टोकदार येतो. लाकडात एकदा खड्डा खोदला की तो सरकत नाही. ३४ इंचांची स्केल (तारेची वाजणारी लांबी) की ३० की ३५, तेही तसंच. ज्याचा हात लहान आहे त्याला लाल रंगाचे चार पर्याय देऊन उपयोग नाही, त्याला ३० इंची, ३८ मिलिमीटरचा एक बेस हवा.

घर बांधताना भिंतीत रिकामे पाइप टाकून ठेवतात, वायर पुढे कधीही ओढता येते. इलेक्ट्रॉनिक्सच्या बाबतीत बेस बनवणाऱ्याने एवढंच करावं. पिकअपचे खड्डे बाजारात सर्रास मिळणाऱ्या मापांचे ठेवावेत, म्हणजे हव्या त्या कंपनीचा पिकअप बसेल. मागची पोकळी प्रीअँपचा बोर्ड मावेल इतकी खोल ठेवावी. बॅटरीची जागा खोदून, झाकण लावून, रिकामी सोडली तरी चालेल. आणि मग पॅसिव्ह हार्नेस (पॉट, जॅक आणि वायरींचा जोडलेला संच) घालून विकावा. ज्याला प्रीअँप हवा तो कंपनीकडूनच जास्तीचे पैसे देऊन घेईल, किंवा नंतर आपल्या पसंतीचा घालेल. गोदामात फक्त हार्नेसचे दोन प्रकार ठेवावे लागतील. बोर्डावर सोल्डरऐवजी कनेक्टर असले तर बदल दुकानातही दहा मिनिटांत होईल.

सध्या ग्राहकालाच उलटा प्रवास करावा लागतो, ॲक्टिव्ह बेस घ्यायचा आणि पॅसिव्ह करायचा. त्यात कुठे अडतं हे सांगितलं पाहिजे. पहिली पायरी मल्टिमीटर. पिकअपच्या गरम वायरीपासून अर्थपर्यंत रेझिस्टन्स मोजायचा, तोही वायर सर्किटपासून सोडवून. ५ ते १५ किलोओहममध्ये स्थिर आकडा आला तर पिकअप पॅसिव्ह आहे, प्रीअँप काढून चालेल. आकडा भरकटत असेल आणि पिकअपला बॅटरीची वेगळी लाल वायर असेल तर पिकअपच ॲक्टिव्ह, तो बदलल्याशिवाय पुढे जाता येत नाही. स्वस्त ॲक्टिव्ह बेसमध्ये पिकअप बहुधा पॅसिव्ह असतात, पण ते प्रीअँपच्या भरवशावर बनवलेले असतात. प्रीअँप काढल्यावर आवाज साधारण निघाला तर आश्चर्य वाटून घेऊ नये.

सामान मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत मिळतं. २५० के चे दोन किंवा तीन पॉट, पण त्यावर ए२५०के छापलेलं बघून घ्यावं. दुकानात सहज मिळतो तो बी, म्हणजे लिनिअर. वॉल्यूमला तो लावला की अर्धा फिरवूनही आवाज फारसा उतरत नाही आणि शेवटच्या टोकाला एकदम कोसळतो. पॉटच्या गळ्याचा व्यासही मोजावा. आशियाई बेसमध्ये १६ मिलिमीटरचे छोटे पॉट असतात, त्यांचं भोक ७ मिलिमीटरच्या आसपास. मोठ्या अमेरिकन पॉटला साडेनऊ लागतं. भोक वाढवायला ड्रिल चालवलं की पॉलिशचे टवके उडतात, हाताने फिरवायचा रीमर वापरावा. दांडा ६ मिलिमीटरचा की ६.३५ चा, यावर जुने नॉब बसणार की नाही ते ठरतं. पॉट थेट लाकडातून वर येत असेल तर लांब गळ्याचा घ्यावा, नाहीतर नटाला आटे पुरत नाहीत.

सोल्डरिंगमध्ये गडबड होते ती पॉटच्या पाठीवर. अर्थची वायर तिथे डागायची असते आणि तो पत्रा उष्णता ओढून घेतो. १५-२० वॅटच्या बारीक टोकाच्या आयर्नने सोल्डर वर गोळ्यासारखा बसतो, चिकटत नाही, आणि महिन्याभराने घरघर सुरू होते. तेवढ्यात आयर्न दाबून धरलं तर आतला कार्बनचा पट्टा भाजतो. पाठ पॉलिश पेपरने घासायची, ४० वॅटचं रुंद टोक घ्यायचं, आधी थोडा सोल्डर पत्र्यावर पसरवायचा, मग वायर. तीन-चार सेकंदांत झालं पाहिजे. स्टिरिओ जॅक बदलायची गरज नाही, मधली पट्टी मोकळी सोडली की तो मोनोसारखा चालतो.

ब्रिजखालून येणारी अर्थची वायर विसरू नये. ईएमजीच्या बेसमध्ये ती मुद्दाम जोडलेली नसते, पॅसिव्ह पिकअप घातल्यावर ती नसेल तर तारांवर हात ठेवूनही घरघर कमी होत नाही. पण ती वायर म्हणजे तारा अँपच्या अर्थला जोडणं. ज्या मांडवात अर्थिंगचा पत्ता नाही तिथे तारांवर हात आणि ओठ मायक्रोफोनला, हा झटक्याचा रस्ता आहे. टेस्टर मायक्रोफोनच्या जाळीला आणि बेसच्या तारांनाही लावून बघितल्याशिवाय गाऊ नये. टेस्टर पेटला तर साउंडवाल्याला अर्थिंग नीट करायला लावावं, आणि ते होईपर्यंत गाणं थांबवावं.

सगळं जुळलं तरी एक गोष्ट उरते. पाच नॉबच्या बेसमधून दोन काढले की दोन भोकं तोंड वासून राहतात. त्यात मुके नॉब लावायचे किंवा रबराची बुचं. एकात सिरीज-पॅरललचा छोटा स्विच घालता येतो, तो खरा उपयोग. पण मुळात भोकं लाकडात पाडायचीच कशाला? जॅझ बेसचे नॉब धातूच्या एका पत्र्यावर असतात. १९६० मध्ये त्या पत्र्यावर एकावर एक असे दोन दुहेरी नॉब होते, १९६२ च्या सुमारास त्या जागी तीन साधे नॉब आले. आज कोणालाही तो पत्रा काढून दोन, तीन, चार किंवा पाच भोकांचा लावता येतो, काही स्क्रू सोडवून, आणि बेस विकायच्या वेळी जुना पत्रा परत बसवता येतो.